‘सोल फिंगर’ : सहा मुलांची पहिली तबकडी

इतिहास म्हटला म्हणजे राजांच्या लढाया, तह आणि वंशावळी आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहातात. आज ज्या वस्तूचा इतिहास मी आपणांस सांगणार आहें ती वस्तु म्हणजे बारा इंच व्यासाची एक काळी तबकडी आहे. अमेरिकेंतील मेम्फिस शहरांत ती तयार झाली आणि १९६७ सालच्या जुलै महिन्यांत बाजारांत आली. तिच्यावर अकरा वाद्यरचना आहेत. त्यांतल्या पहिलीचें नांव ‘सोल फिंगर’, आणि तेंच तबकडीचेंहि नांव. वाजविणारे सहा जण, त्यांच्या मेळ्याचें नांव ‘बार-केज’. वय विचाराल तर अठरा-एकोणिसाच्या आसपास. त्यांतील बहुतेकांचें शाळेचें शेवटचें वर्ष नुकतें कोठें संपलें होतें.

श्रोतेहो, तबकडी निघाल्यास पुरते पांच महिनेहि झाले नव्हते, तोंच या सहांपैकीं चौघे विमानासह एका थंडगार सरोवरांत बुडाले. त्या दिवसापासून या मेळ्याची कथा सांगणारा जो तो त्या सरोवरापासूनच आरंभ करतो, आणि मग तबकडी ऐकतांना प्रत्येक सुराला शोकाचा रंग चढतो. मला हें ऐकणें त्या मुलांवर अन्याय करणारें वाटतें. पुढें काय वाढून ठेवलें आहे याची वाजवितांना त्यांना गंधवार्ताहि नव्हती. त्यांनीं वाजविलें तें एका शाळेचें, एका रस्त्याचें आणि त्या रस्त्यावरच्या एका दुकानाचें संगीत होतें. शिवाय, चौघे गेल्यावर त्याच नांवाचा मेळा पुन्हां कसा उभा राहिला, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर सरोवराच्या तळाशीं सांपडणार नाहीं. तें त्या रस्त्यावरच शोधावें लागेल.

आधीं दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. ‘सोल’ म्हणजे आत्मा. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत एकानें पुकारावें, सर्वांनीं तें झेलावें, कंठ दाटेपर्यंत गावें, अशी जी गायनाची रीत होती, ती मंदिराच्या पायऱ्या उतरून बाजारांत आली. देवाच्या जागीं प्रियकर किंवा प्रेयसी बसली, पण गळ्यांतली आर्तता तीच राहिली. त्या गाण्याला हें नांव पडलें. आपल्याकडे भजनाचा ठेका उचलून कोणी संसारांतलें पद बांधावें, तसाच हा प्रकार. आणि भाविकांना त्याचा रागहि तसाच येई. ‘फंक’ हा त्याचा धाकटा भाऊ. त्याचें लक्ष गळ्याकडे कमी आणि पायांकडे अधिक. आपल्या श्रोत्यांना तो समजावून सांगणें सोपें आहे, कारण समेचें महत्त्व येथें कोणाला शिकवावें लागत नाहीं. तिकडच्या लोकप्रिय संगीतांत चार मात्रांपैकीं दुसरीवर आणि चौथीवर जोर देण्याची चाल पडली होती. जेम्स ब्राऊन या गायकानें तो जोर खेंचून पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर आणला आणि सगळ्या वाद्यांना ढोलक्यासारखें वागावयास लावलें. त्याचें ‘कोल्ड स्वेट’ हें या नव्या वळणाचें गाणें निघालें तेंहि १९६७ च्या जुलैमध्येंच. ‘सोल फिंगर’ची तबकडी या दोन घरांमधल्या उंबऱ्यावर बसलेली आहे. एक पाय आंत, एक बाहेर.

आतां त्या शहराकडे वळूं. मेम्फिस हें टेनेसी राज्यांतील, मिसिसिपी नदीच्या काठचें गांव. कापसाची मोठी बाजारपेठ. इजिप्तच्या प्राचीन राजधानीचें नांव त्याला दिलें, तें नाईलसारख्या एका महानदीच्या काठीं वसलें म्हणून. कापसाचा व्यापार आला तेथें गुलामगिरी आली, आणि गुलामगिरी कायद्यानें गेली तरी वर्णभेद मागें उरला. शाळा वेगळ्या, बसण्याच्या जागा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळ वेगळे. शहराच्या प्राणिसंग्रहालयांत १९६० पर्यंत कृष्णवर्णीयांना आठवड्यांतून एकच दिवस प्रवेश असे. वाघसिंहांना हा भेद कळत होता कीं नाहीं, देव जाणे.

परंतु या कुंपणाच्या आंत एक गोष्ट मोठी जोमानें वाढली, ती म्हणजे कृष्णवर्णीयांच्या शाळांमधला वाद्यवृंद. १९२७ सालीं मॅनॅसस नांवाच्या शाळेंत जिमी लन्सफर्ड या शिक्षकानें मुलांचा जॅझ वाद्यवृंद काढला. पुढें त्याच वृंदांतून अमेरिकाभर गाजलेला मेळा तयार झाला. तेव्हांपासून बँडमास्तर हा या शहरांतला प्रतिष्ठित मनुष्य होऊन बसला. आपल्या कथेंतील मुलांची शाळा दुसरी, बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल. या एका शाळेच्या पटावर किती संगीतकारांचीं नांवें सांपडावींत! ‘ग्रीन अनियन्स’ ही सुप्रसिद्ध चाल वाजविणारा बुकर टी. जोन्स येथला. ‘अर्थ, विंड अँड फायर’ या विख्यात मेळ्याचा संस्थापक मॉरिस व्हाइट येथला. विनोदी गायक रूफस थॉमस हाहि, या दोघांच्या कितीतरी आधींचा, येथलाच विद्यार्थी.

त्याच शाळेंत नॅट डी. विल्यम्स नांवाचे इतिहासाचे शिक्षक होते. नभोवाणीवरून बोलतांना त्यांची आठवण न काढणें कृतघ्नपणाचें होईल. मेम्फिसमध्यें डब्ल्यू-डी-आय-ए या नांवाचें एक नभोवाणी केंद्र होतें. मालक गोरे, श्रोते थोडे, आणि धंदा बुडीत चाललेला. १९४८ सालीं मालकांनीं निरुपायानें एक धाडस केलें. या विल्यम्स मास्तरांना बोलावून कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीं कार्यक्रम सुरू केला. बघतां बघतां साऱ्या दिवसाचे कार्यक्रम त्याच श्रोत्यांसाठीं होऊं लागले, आणि अशा प्रकारचें अमेरिकेंतलें हें पहिलें केंद्र ठरलें. मास्तर दिवसा इतिहास शिकवीत आणि शाळा सुटल्यावर नभोवाणीवरून बोलत. १९५४ सालीं केंद्राची शक्ति पन्नास हजार वॅटपर्यंत वाढली आणि मिसिसिपीच्या खोऱ्यांतल्या कापसाच्या मळ्यांपर्यंत आवाज पोहोंचला. १९६७ सालीं जे अठरा-एकोणीस वर्षांचे होते, ते या केंद्राबरोबरच जन्मलेले. आपल्या माणसाचा आवाज हवेंतून ऐकूं येतो, ही गोष्ट त्यांच्या वडिलांना नवलाची होती. त्यांना ती सकाळच्या दुधासारखी रोजची होती.

शाळा झाली, नभोवाणी झाली. आतां रस्ता आणि दुकान. ईस्ट मॅक्लमोर ॲव्हेन्यू या रस्त्यावर ९२६ क्रमांकाची इमारत म्हणजे ‘कॅपिटॉल’ नांवाचें एक बंद पडलेलें चित्रपटगृह. १९६० सालीं जिम स्टुअर्ट आणि त्यांची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनीं तें भाड्यानें घेतलें. दोघेंहि गोरीं, दोघेंहि बँकेंत नोकरी करणारीं. जिम फावल्या वेळीं ग्रामीण ढंगाचें व्हायोलिन वाजवीत. ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेण्यासाठीं एस्टेलबाईंनीं आपलें राहातें घर गहाण टाकलें होतें. भावाबहिणीच्या आडनांवांचीं आद्याक्षरें जोडून १९६१ सालीं कंपनीचें नांव ‘स्टॅक्स’ ठेवण्यांत आलें. चित्रपटगृहांतल्या खुर्च्या काढून टाकल्या, पण जमिनीचा उतार सपाट करण्यास पैसे नव्हते. तो तसाच राहिला. पडद्याच्या जागीं रंगमंचावर यंत्रांची खोली केली. त्या उतरत्या, उंच छपराच्या दालनांत ढोलाचा आणि खर्जाच्या गिटारचा नाद असा कांहीं भरदार उमटे कीं जाणकार कानाला स्टॅक्सची तबकडी पहिल्या चार मात्रांत ओळखतां येते. गरिबींतून कलेला लाभ झाल्याचीं उदाहरणें आपण नेहमीं ऐकतों, आणि बहुतेक वेळां तीं श्रीमंतांनीं सांगितलेलीं असतात. परंतु येथें तो लाभ प्रत्यक्ष कानांनीं ऐकूं येतो.

इमारतीच्या पुढच्या भागांत, जेथें पूर्वीं चित्रपटाच्या वेळीं गोळ्या-मिठाई विकीत, तेथें एस्टेलबाईंनीं तबकड्यांचें दुकान थाटलें. माझ्या मतें साऱ्या कथेची किल्ली या दुकानांत आहे. आसपासची वस्ती त्या वर्षांत झपाट्यानें कृष्णवर्णीयांची होत होती. शाळा सुटली कीं मुलें दुकानांत येत, नव्या तबकड्या ऐकत, दारापुढच्या फरसबंदीवर नाचत. कोणती चाल मुलांना आवडते, कोणत्या जागीं त्यांचे पाय थबकतात, हें बाई गल्ल्यामागून पाहात आणि आंत जाऊन सांगत. जें मूल आज गिऱ्हाईक, तें उद्यां वादक म्हणून मागच्या दालनांत जाई. १९६० सालीं रूफस थॉमस आणि त्यांची कन्या कार्ला यांचें गाणें मुद्रित होत असतांना एक मोठा सॅक्सोफोन हवा होता. तेव्हां डेव्हिड पोर्टर नांवाचा मुलगा शाळेंत धांवला, वर्गांतून बाहेर सोडण्याची चिठ्ठी मिळविली आणि बुकर टी. जोन्सला भर तासाला उठवून घेऊन आला. शाळा आणि दालन यांमध्यें अंतर होतें तें एवढेंच, एका चिठ्ठीचें.

दोनच वर्षांनीं, १९६२ सालीं, या जोन्सनें आणि त्याच्या सोबत्यांनीं ‘ग्रीन अनियन्स’ वाजविलें. तीन कृष्णवर्णीय, एक गोरा असा तो चौघांचा मेळा. ज्या शहरांत हे चौघे एका उपाहारगृहांत शेजारीं बसून जेवूं शकत नव्हते, तेथें ते एका दालनांत रोज एकत्र काम करीत. स्टॅक्सच्या बहुतेक गायकांमागें हेच चौघे वाजवीत, आणि शेजारपाजारच्या मुलांना त्यांच्यासारखें व्हावयाचें होतें.

त्या मुलांत आपले सहा जण होते. गिटारवर जिमी किंग, हाच मेळ्याचा पुढारी. ऑर्गनवर रॉनी कॉल्डवेल, सहांमधला एकटा गोरा. सॅक्सोफोनवर फेलन जोन्स, ट्रंपेटवर बेन कॉली, खर्जाच्या गिटारवर जेम्स अलेक्झांडर आणि ढोलांवर कार्ल कनिंगहॅम. कार्ल हा दालनाजवळच्या केशकर्तनालयांत गिऱ्हाइकांचे जोडे पुसणारा मुलगा. स्टॅक्सचे ढोलवादक अल जॅक्सन यांनीं त्याला जवळ केलें आणि हात कसा टाकावा तें दाखविलें. जोडे पुसणाऱ्या मुलाचा हात लयींत असतो, हें तिकडे सर्वांना ठाऊक आहे; फडक्याचा फटकारा हाच त्याचा पहिला ताल. मेळ्याचें नांव कोठून आलें याविषयीं असें सांगतात कीं रस्त्यावर बकार्डी या मद्याच्या जाहिरातीचा एक मोठा फलक होता, त्यावरून हें नांव घडविलें. नांवामागें याहून खोल अर्थ शोधण्याची गरज नाहीं. पोरांनीं ठेवलेलें नांव तें.

स्टॅक्सनें या मुलांना पहिल्याच भेटींत उचललें नाहीं. मोठीं माणसें कामांत होतीं आणि दारांत घुटमळणाऱ्या मुलांचा तोटा नव्हता. एस्टेलबाई मात्र त्यांच्या बाजूच्या होत्या. अखेरीस १९६७ च्या वसंत ऋतूंत मुलांना दालन मिळालें आणि ‘सोल फिंगर’ मुद्रित झालें.

आतां प्रत्यक्ष रचना ऐकूं. आरंभ होतो तो ‘मेरी हॅड अ लिट्ल लॅम’ या बालगीताच्या सुरावटीनें. आपल्यापैकीं ज्यांनीं इंग्रजी शाळेची पायरी चढली असेल त्यांना ती सुरावट पाठ असेल. क्षणभर वाटतें, ही कांहीं थट्टा आहे. इतक्यांत ढोल आणि खर्ज एकदम उतरतात, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन एका आवाजांत ललकारी देतात, आणि मागें मुलांचा एक मोठा घोळका रचनेचें नांव घेऊन ओरडतो. हा घोळका कोण? आयझॅक हेज आणि मघांचाच तो डेव्हिड पोर्टर हे दोघे आतां स्टॅक्सचे गीतकार झाले होते. नांव त्यांनींच सुचविलें, आणि नुसतीं वाद्यें पुरेशीं नाहींत, गलका पाहिजे, असेंहि त्यांच्याच मनांत आलें. बाहेर रस्त्यावर पोरें खेळतच होतीं. त्यांना आंत बोलाविलें आणि कोका-कोलाच्या बाटल्यांच्या मोबदल्यांत मनसोक्त ओरडावयास सांगितलें. तबकडीच्या वेष्टनावर त्या पोरांचीं नांवें नाहींत. मॅक्लमोर रस्ता स्वतःच्या आवाजांत बोलला तो येथें.

एप्रिलमध्यें ही रचना लहान तबकडीवर निघाली आणि देशाच्या लोकप्रियतेच्या यादींत सतराव्या स्थानापर्यंत चढली. ‘ऱ्हिदम अँड ब्ल्यूज’च्या स्वतंत्र यादींत ती तिसरी आली. शाळकरी मुलांच्या शब्दहीन वादनाला मिळालेलें हें यश लहान नव्हे. त्या जोरावर जुलैमध्यें अकरा रचनांची मोठी तबकडी काढण्यांत आली.

या मोठ्या तबकडीविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. ती सर्वत्र सारखी उंचीची नाहीं. सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आसपास चालते, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणें एका गाजलेल्या रचनेभोवतीं उरलेल्या रचना घाईनें गोळा केल्याचें मधूनमधून जाणवतें. कांहीं चाली उसन्या आहेत. ‘यू कान्ट सिट डाउन’ ही फिल अपचर्चनें १९६१ सालीं गाजविलेली. ‘होल इन द वॉल’ ही एस्टेलबाईंचा मुलगा पॅकी ॲक्स्टन याच्या मेळ्याची. ‘विथ अ चाइल्ड्स हार्ट’ हें स्टीव्ही वंडरनें १९६६ सालीं गाइलेलें संथ गीत. येथें शब्द गाळून नुसती सुरावट ठेवली आहे. मला विचाराल तर या संथ गीतांत मुलांची दमछाक दिसते. विलंबित लय पेलण्यास जो सांठा लागतो तो वयानें येतो. पण ‘नकलहेड’ किंवा ‘बार-केज बूगालू’ सुरू झालें कीं तक्रार करण्याची बुद्धि राहात नाहीं. कार्लचा ढोल पुढें धांवूं पाहातो, जेम्सचा खर्ज त्याला पदराला धरून मागें ओढतो, आणि या ओढाताणींतून चाल पुढें जाते. गुरूंची, म्हणजे त्या चौघांच्या मेळ्याची, छाप पानोपानीं आहे. मात्र गुरु जेथें दोन सुरांमध्यें जागा मोकळी सोडून हंसतात, तेथें हे शिष्य ती जागा भरून टाकतात. मोकळ्या जागेची त्यांना भीति वाटते असें नव्हे. त्यांना थांबावयाचेंच नसतें. पहिल्या तबकडीचा गुण आणि दोष दोन्ही येथें एकच आहेत.

याच सुमारास ओटिस रेडिंग यांनीं त्यांना ऐकलें. जॉर्जिया राज्यांतील मेकन गांवीं वाढलेले रेडिंग हे स्टॅक्सचे सर्वांत मोठे गायक. वय अवघें पंचवीस. आपल्या दौऱ्यांत साथीला हीच मुलें हवींत असें त्यांनीं ठरविलें आणि लगेच चला म्हणाले. परंतु शाळा संपली नव्हती. मुलांनीं आधीं शाळेचें प्रमाणपत्र पदरांत पाडून घेतलें आणि मग न्यूयॉर्कच्या अपोलो नाट्यगृहांत रेडिंग यांच्या मागें जाऊन उभीं राहिलीं. कीर्ति दारांत उभी असतांना तिला शेवटच्या परीक्षेपर्यंत थांबावयास लावणारीं घरें कशीं असतील, याची कल्पना आपल्यासारख्यांना सहज येईल.

उन्हाळा आणि शरद् ऋतु दौऱ्यांत गेला. रेडिंग यांनीं दोन इंजिनांचें स्वतःचें बीचक्राफ्ट विमान घेतलें होतें. ९ डिसेंबर १९६७ रोजीं क्लीव्हलंड शहरांत दूरचित्रवाणीचा एक कार्यक्रम झाला आणि रात्रीं जलसा झाला. दुसरे दिवशीं, रविवारीं, विस्कॉन्सिन राज्यांतील मॅडिसन येथें रात्रीं वाजवावयाचें होतें. विमानांत सर्वांना पुरेशी जागा नव्हती. म्हणून जेम्स अलेक्झांडर दुसऱ्या विमानानें निघाला. दुपारीं साडेतीनच्या सुमारास, पाऊस आणि धुक्यांतून उतरत असतां, मॅडिसनच्या विमानतळापासून थोड्या मैलांवर तें विमान मनोना सरोवरांत कोसळलें. आंत आठ जण होते. ओटिस रेडिंग, वैमानिक, रेडिंग यांचा सेवक, आणि जिमी किंग, रॉनी कॉल्डवेल, फेलन जोन्स व कार्ल कनिंगहॅम हे सातजण गेले. बेन कॉली झोपेंतून दचकून जागा झाला, त्यानें कमरेचा पट्टा सोडला, आणि भान आलें तेव्हां तो पाण्यावर बसण्याच्या गादीला कवटाळून तरंगत होता. त्याला पोहतां येत नव्हतें. सोबत्यांच्या हांका त्याला ऐकूं येत होत्या. मग त्या थांबल्या. अपघाताचें कारण कधींच निश्चित झालें नाहीं.

पुढचें वर्ष मेम्फिसला फार वाईट गेलें. अपघाताच्या तीन दिवस आधीं रेडिंग यांनीं ‘डॉक ऑफ द बे’ या गाण्याचें काम केलें होतें. तें जानेवारींत निघालें आणि मार्चमध्यें देशांत पहिल्या क्रमांकास पोहोंचलें. ऐकावयास गायक नव्हता. फेब्रुवारींत शहरांतील कृष्णवर्णीय सफाई-कामगारांनीं संप पुकारला. त्यांच्या पाठिंब्यासाठीं आलेले डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिल १९६८ रोजीं लोरेन मोटेलच्या सज्जांत गोळीला बळी पडले. हें लोरेन मोटेल म्हणजे स्टॅक्सच्या मंडळींचें बसण्याउठण्याचें ठिकाण. काळे-गोरे दोघांनाहि जेथें एकत्र बसतां येई अशा थोड्या जागांपैकीं एक. ‘नॉक ऑन वुड’ हें गाणें तेथल्याच एका खोलींत रचलें गेलें होतें. त्यानंतर मॅक्लमोर रस्त्यावर काळ्यागोऱ्यांचें एकत्र काम करणें पूर्वींसारखें निर्व्याज राहिलें नाहीं. त्याच वसंतांत स्टॅक्स आणि न्यूयॉर्कची अटलांटिक कंपनी यांची फारकत झाली. तेव्हां जुन्या करारांतील एका कलमाकडे लक्ष गेलें. अटलांटिकनें वितरित केलेल्या सर्व गाण्यांच्या मूळ फिती त्या कंपनीच्याच मालकीच्या ठरल्या. ‘सोल फिंगर’हि त्यांत गेलें. चार मुलें गेलीं, आणि त्यांनीं वाजविलेलें जें मागें उरलें होतें तेंहि घरचें राहिलें नाहीं.

अशा वेळीं बेन आणि जेम्स या दोघांनीं मेळा पुन्हां उभा करण्याचें ठरविलें. जेम्सला स्वतःच्या मित्रांचीं प्रेतें ओळखावीं लागलीं होतीं. तो अजून विशीच्या आसपासचा. बेन त्याच्याहून फारसा मोठा नव्हे. पण माणसें कोठून आणावयाचीं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाहीं. ढोलावर विली हॉल, गिटारवर मायकेल टोल्स असे नवे हात मेम्फिसमध्येंच मिळाले. ज्या शाळांनीं पहिले सहा दिले त्या शाळा चालूच होत्या. बँडमास्तर तेच होते, दुकान तेंच होतें. विहिरींतून घागर भरून काढावी आणि पाणी पुन्हां त्याच पातळीवर यावें तसें हें झालें. गेलेल्यांची उणीव भरली असें मी म्हणत नाहीं. जिमी किंगची गिटार ऐकल्यावर टोल्स हा निराळा वादक आहे हें कळतें. परंतु हें संगीत एकट्या प्रतिभेचें नसून वस्तीचें होतें, याला याहून कठोर पुरावा इतिहासानें मागूं नये.

१९६९ सालीं स्टॅक्सनें गेलेल्या फितींची भरपाई म्हणून एकदम सत्तावीस मोठ्या तबकड्या काढण्याचा घाट घातला. त्यांत आयझॅक हेज यांना हवें तें करण्याची मुभा मिळाली. त्यांनीं साथीला या नव्या बार-केजना घेऊन ‘हॉट बटर्ड सोल’ तयार केली. तिच्यावर अवघीं चार गाणीं. एक बारा मिनिटांचें, एक अठरा मिनिटांहून अधिक. अडीच मिनिटांत सारें उरकणारें तें संगीत आतां ऐसपैस बसलें. ज्या मोकळ्या जागेला पहिली तबकडी बिचकत होती ती जागा येथें मिनिटा-मिनिटाची झाली. १९७१ सालच्या ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या संगीतांत हाच मेळा आहे. विली हॉलच्या झांजेची ती सुरुवातीची सळसळ आतां जगाच्या कानांत आहे. १९७२ सालीं त्या गीताला ऑस्कर मिळालें आणि हेज हे त्या विभागांत पारितोषिक मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय झाले. त्याच वर्षीं २० ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या क्रीडांगणांत स्टॅक्सनें एक डॉलर प्रवेशमूल्य ठेवून मोठा जलसा केला. एक लाखाहून अधिक लोक जमले, आणि त्यांच्यासमोर बार-केज वाजवीत होते. बेन त्यांत नव्हता. आदल्या वर्षीं तो मेळ्यांतून निघाला होता. जेम्स मात्र पुढें पन्नासांहून अधिक वर्षें तें नांव चालवीत राहिला, आणि १९७६ नंतरचा बार-केज हा निखळ फंकचा मेळा म्हणून नव्या पिढीला माहीत झाला.

स्टॅक्सचें दिवाळें १९७५ च्या डिसेंबरांत निघालें. तें उतरत्या जमिनीचें चित्रपटगृह १९८९ सालीं पाडून टाकलें. बरींच वर्षें तेथें रिकामें मैदान होतें. नंतर गांवाला जाग आली. २००३ सालीं त्याच जागेवर तसेंच दर्शनी रूप देऊन वस्तुसंग्रहालय बांधलें, आणि विशेष म्हणजे दालनाची जमीन मुद्दाम पुन्हां उतरती केली. एकेकाळीं सपाट करण्यास पैसे नव्हते, आतां तिरपी करण्यास पैसे मोजावे लागले. शेजारीं वस्तींतल्या मुलांसाठीं संगीतशाळा आहे. संग्रहालयाकडे जाणारे प्रवासी अधिक, पण मला त्या शाळेचें मोल अधिक वाटतें.

बेन कॉली मेम्फिसमध्येंच राहिला. १९८९ सालीं त्याला पक्षाघाताचा झटका आला, तरी बरा होऊन त्यानें ट्रंपेट पुन्हां हातांत धरलें. २०१५ च्या सप्टेंबरांत तो वारला. जेम्स अलेक्झांडरला मुलगा झाला तेव्हां त्यानें त्याचें नांव फेलन ठेवलें, सॅक्सोफोन वाजविणाऱ्या त्या मित्रावरून. हा फेलन मोठा होऊन ‘जॅझी फा’ या नांवानें ध्वनिमुद्रणाच्याच व्यवसायांत नांवाजला.